बांधापासून दारापर्यंत पाच-दहा मिनिटं: माळाच्या कडेच्या एका वसाहतीचा प्रकरण अभ्यास

पश्चिमेला डोंगर, डोंगराखाली पडीक माळ आणि माळाला खेटून बारा एकरांचं प्लॉटिंग. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सातारा-देवळाईकडे गेलात की अशा वसाहती दिसतात. जालना, बीड, धाराशिवच्या बायपासलाही दिसतात. इथे मांडलेली वसाहत मात्र नकाशावर सापडणार नाही. अनेक ठिकाणी सारख्याच आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून ती नमुन्यादाखल उभी केली आहे, म्हणजे कुणा एकाच्या दाराकडे बोट न दाखवता प्रत्येकाला आपलं दार तपासता येईल. गवत, वारा आणि आगीची गणितं खरी आहेत. ज्या परदेशी आगींचे दाखले दिले आहेत, त्याही खरोखर लागलेल्या आहेत.

जागेची मांडणी

९६ प्लॉट आहेत. ४१ वर घरं उभी राहिली, ५५ रिकामे. रिकाम्या प्लॉटचे मालक पुण्यात, मुंबईत किंवा आखातात. प्लॉटवर पावसाळ्यात उगवलेलं गवत, वेडी बाभूळ आणि शेजाऱ्यांनी टाकलेला राडारोडा. पश्चिमेचा माळ साधारण ५०० मीटर रुंद आहे. पूर्वी तिथे गावची जनावरं चरायची. जमीन गुंतवणूकदाराने घेतली, तारेचं कुंपण पडलं आणि चराई थांबली. दोन वर्षांत कुसळी आणि पवन्याचं गवत गुडघ्याच्या वर गेलं. माळापलीकडे शेतं, शेतांच्या बांधावरून गेलेली ११ केव्हीची लाइन, आणि दोन खांबांच्या मध्ये तारांना पडलेला झोळ.

वसाहतीत सिमेंटचे बंगले आहेत तशी पत्र्याची घरंही आहेत: वॉचमनची, गवंड्यांची, दुधाचा धंदा करणाऱ्या दोन कुटुंबांची. दोन गोठे, दोन कडब्याच्या गंज्या. चुलीसाठी भिंतीला टेकवून ठेवलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळकी झाडं. बहुतेक पार्किंगवर हिरवी शेडनेट. रस्ता सहा मीटरचा, गेट एकच, तेही पूर्वेला. नळाला पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात सगळी भिस्त बोअर आणि टँकरवर.

वेळेचं गणित

मार्चअखेरची दुपार धरू. दोन वाजलेत, पारा ४०, हवेतली आर्द्रता १२ टक्के. वारा पश्चिम-वायव्येकडून ताशी ३० किलोमीटर, मध्येच ४५ चा झोत. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी असं हवामान असू शकतं. अशा हवेत वाळलेल्या गवतात वजनाच्या जेमतेम चार-पाच टक्के पाणी उरतं. गवताची काडी बारीक असल्याने ती तासाभरात हवेएवढी कोरडी होते. म्हणून सकाळी दवाने न पेटणारं गवत दुपारी एका काडीवर भडकतं. ‘काल तर पेटत नव्हतं’ या अनुभवावर विसंबून बांध पेटवणारे इथेच फसतात.

पूर्ण वाळलेल्या, सलग गवतात आग वाऱ्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या वेगाने धावू शकते. ३० चा वारा म्हणजे ताशी ६ किलोमीटर, मिनिटाला १०० मीटर. ५०० मीटरचा माळ पाच मिनिटांत संपला. जनावरांनी चरून गवत तुटक झालेलं असेल तर वेग निम्म्यावर येतो, म्हणजे दहा मिनिटं मिळतात. उतारही यात भर घालतो. चढावर दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, उतरताना तो मंदावतो. त्यामुळे डोंगरावरून खाली येणाऱ्या वणव्यापेक्षा माळावरून सपाटीने, वारा पाठीशी घेऊन येणारी आग या वसाहतीला जास्त घातक आहे. लोक मात्र डोंगराकडे पाहत बसतात, कारण ज्वाळा तिथे दिसतात.

आता दुसरी बाजू. कुणाला तरी धूर दिसणार, तो खात्री करणार, १०१ वर फोन लागणार, बंब निघणार. नऊ-दहा किलोमीटरवरून, बाजाराच्या रस्त्यातून बंब वीस मिनिटांत पोचला तरी ती चांगली कामगिरी म्हणायची. म्हणजे पहिली वीस-पंचवीस मिनिटं वसाहत एकटी आहे. अग्निशमन दलात काही कमी आहे म्हणून नव्हे, अंतर आणि वारा यांचं गणितच तसं आहे. पुढचं सगळं नियोजन या वीस मिनिटांसाठी.

घर पेटतं कसं

आगीची भिंत चालून येते आणि घर गिळते, असं चित्र डोक्यात असतं. गवताच्या आगीत ते बहुतेक वेळा खोटं ठरतं. गवत एका जागी दहा-पंधरा सेकंद भडकतं आणि संपतं. तेवढ्याने विटांची भिंत तापतही नाही. अमेरिकी वनसेवेचे संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडातल्या जंगलात मुद्दाम लावलेल्या, झाडांच्या शेंड्यांपर्यंत गेलेल्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, ३० मीटरवरची एकही पेटली नाही. लाकडाची ही गत, तर आपल्या सिमेंटच्या भिंतीचं काय घेऊन बसलात! तरी घरं जातात. कारण आग भिंतीला नाही, भिंतीला टेकवलेल्या वस्तूला पकडते.

वाऱ्यावर निखारे येतात. गवताची राख हलकी असते, ती हवेतच विझते. टिकणारा निखारा येतो कडब्याच्या गंजीतून, पऱ्हाटीतून, बाभळीच्या सालीतून, गोवऱ्यांच्या ढिगातून. एकदा गंजी पेटली की आग गवताची राहत नाही. वाऱ्याच्या दिशेने शंभर-दीडशे मीटरवर ठिणग्यांचा पाऊस सुरू होतो. निखारा वाऱ्याने जिथे पालापाचोळा गोळा होतो तिथेच पडतो: पायरीचा कोपरा, पत्र्याची वळचण, गच्चीवरचं जुनं गादीसामान, दुचाकीची सीट. शेडनेट वितळून पेटते आणि तिचे जळते थेंब खालच्या गाडीवर पडतात. गाडीच्या टाकीत पेट्रोल. गाडीच्या वर खिडकी, खिडकीला नायलॉनची जाळी, आत पडदा. साधी काच उष्णतेने तडकते आणि मग आग घरात. माळावरच्या काडीपासून पलंगावरच्या चादरीपर्यंतची ही साखळी. यातली एक कडी काढली तरी ती तुटते.

२०२१ सालच्या ३० डिसेंबरला अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात लागलेली मार्शल आग याच जातीची. जंगल नव्हतं, गवताळ माळ होता. त्या वर्षीचा वसंत ओला गेला, गवत माजलं, नंतरचे महिने कोरडे गेले. ताशी १६० किलोमीटरपर्यंतच्या झोतांनी आग सुपीरियर आणि लुईसव्हिल या उपनगरांत शिरली. १,०८४ घरं गेली, दोन माणसं गेली, ३५ हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढावं लागलं. घरं लाकडी चौकटींची आणि एकमेकांना चिकटून होती. वस्तीत शिरल्यावर गवताचा संबंध उरला नाही. एक घर दुसऱ्याला पेटवत गेलं.

आपल्याकडे बंगल्यांच्या रांगाच्या रांगा तशा जाणार नाहीत. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण उगाच घाबरवलेला माणूस दोन दिवसांत सगळं विसरतो. आपल्याकडे जातात पत्र्याची घरं, गोठे, दावणीला बांधलेली जनावरं, वर्षाचा चारा आणि गाड्या. नुकसान सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठं त्यांचं होतं ज्यांच्याकडे विमा नाही. वसाहतीचं नियोजन करताना बंगल्यांपासून सुरुवात करायची नाही, गोठ्यांपासून करायची.

गवताचं काम

कुसळीचं गवत कुसळं धरण्याआधी चांगला चारा असतो. कुसळं पिकली की जनावराच्या तोंडाला टोचतात, मग ते कुणी फुकट नेत नाही. म्हणून माळ आणि रिकामे प्लॉट साफ करायची खरी वेळ दसऱ्याच्या आसपास. तेव्हा दुधाचा धंदा करणारे स्वतः येऊन गवत कापून नेतात आणि वसाहतीचा खर्च वाचतो. तेच काम फेब्रुवारीत काढलं तर मजुरी पडते आणि कापलेल्या गवताचं करायचं काय हा प्रश्न वेगळाच.

पश्चिमेच्या कडेला सहा मीटर रुंदीचा पट्टा मोकळा हवा. वनखातं वणवा अडवायला गवत जाळून मोकळी पट्टी करतं, त्या जाळरेषेसारखाच, पण इथे जाळून करायचा नाही. वाऱ्याच्या दिवसांत स्वतः जाळून पट्टा करणं म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय राखीव वनात किंवा त्याला धोका होईल असा विस्तव लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. काळी जमीन असेल तर ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून चार फेरे मारले की पट्टा तयार. माळाची मुरमाड, दगडी जमीन असेल तर रोटाव्हेटरची पाती तुटतात. तिथे ब्रश कटरने गवत जमिनीपासून दोन बोटांवर कापायचं. ब्रश कटरला लोखंडी पातं लावू नका, दगडावर आपटून ठिणगी उडते. नायलॉनची दोरी लावा आणि काम सकाळी नऊच्या आत उरका.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कापलेलं गवत तिथेच सोडणं. उभं गवत आडवं झालं, जळण तेवढंच राहिलं. दाताळ्याने ओढून ते उचललंच पाहिजे.

सहा मीटरच्या पट्ट्याने जोराच्या वाऱ्यातली आग नक्की थांबेल, अशी हमी कुणी देऊ नये. निखारे त्यावरून उडतात. पट्टा दोन कामं करतो: ज्वाळा दारापर्यंत येत नाहीत आणि माणसांना उभं राहायला जागा मिळते. तेवढं पुरे आहे.

हवाई बेटांमधल्या लहाइना गावाची आठवण इथे ठेवावी. ८ ऑगस्ट २०२३ ला तिथे १०२ माणसं गेली, दोन हजारांवर इमारती जळाल्या. गावाभोवतीच्या जमिनीवर एकेकाळी ऊस होता. मळे बंद पडले, जमिनी पडीक राहिल्या आणि त्यांवर गिनी गवत माजलं, तेच जे आपण चाऱ्यासाठी लावतो. शेती थांबली आणि बांधकामही सुरू झालं नाही, अशा मधल्या काळातली जमीन सगळ्यात धोक्याची. आपल्या शहरांच्या कडेला आज नेमकी हीच जमीन वाढते आहे.

घराभोवतीचे दीड मीटर

भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळणारं काहीच नको. कॅलिफोर्नियात याला ‘शून्य पट्टा’ म्हणतात. इथे फरशी, मुरूम किंवा उघडी माती चालते. पऱ्हाट्या, तुराट्या, जुनी दारं, पोती, प्लास्टिकचे पाइप, पायपुसण्या, कुंड्यांमधला वाळका पाला, केरसुण्यांचा गठ्ठा, सगळं हलवायचं. गच्ची झाडायची. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत चिमणीच्या घरट्यांचं गवत साचतं, तिथे सिमेंट भरा किंवा बारीक लोखंडी जाळी ठोका. खिडक्यांना नायलॉनच्या जाळीऐवजी स्टीलची लावता आली तर उत्तम. सगळ्या बदलणं परवडत नसेल तर निदान पश्चिमेच्या. शेडनेट मार्च ते मे काढून ठेवा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, गाडी तापते. मग पश्चिमेच्या रांगेतल्या घरांनी तरी नेटऐवजी पत्रा टाकावा.

गंजीचा प्रश्न अवघड आहे. ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, म्हणजे हवा सगळ्यात कोरडी असताना कडबा दारात येतो. गंजी गोठ्याजवळ हवी, कारण वैरण रोज काढायची असते. पण गंजीपासून घर आणि गोठा निदान पंधरा मीटर लांब हवेत, आणि गंजी वसाहतीच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी. पश्चिमेला रचलेली गंजी पेटली तर तिचे निखारे सगळ्या वसाहतीवर उडतात. एका मोठ्या गंजीपेक्षा अंतर सोडून रचलेल्या दोन लहान बऱ्या. एक गेली तरी जनावरांना पाऊस पडेपर्यंत अर्धी वैरण उरते. सोयाबीनच्या बनमीलाही, म्हणजे ढिगालाही, हेच लागू. वर ताडपत्री असेल तर कडा मातीत दाबा, फडफडणाऱ्या ताडपत्रीखाली निखारा शिरतो.

लाइनच्या तारांना झोळ असेल तर वाऱ्यात त्या एकमेकींना घासतात आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब गवतात पडतात. महावितरणकडे लेखी तक्रार देऊन झोळ काढून घ्या, तारा एकमेकींपासून लांब ठेवणारे स्पेसर बसवून घ्या. डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, भोवती तीन मीटर जमीन उघडी ठेवणं मात्र वसाहतीच्याच हातात आहे.

पाणी आणि माणसं

आग लागली की वीज जाते, किंवा घालवावी लागते. बोअरची मोटार बंद, मग टाक्यांत असेल तेवढंच पाणी. मार्शल आगीत लुईसव्हिलच्या नळांचा दाब इतका पडला की शुद्ध न केलेलं पाणी वाहिन्यांत सोडावं लागलं. म्हणून विजेवर न चालणारं काहीतरी हवं, आणि ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्याकडे आधीच आहे. पेट्रोल इंजिनवरचा एचटीपी (जास्त दाबाचा) फवारणी पंप, २०० लिटरचं बॅरल आणि ५० मीटर नळी: एका गनवर दहा-पंधरा मिनिटं पाणी मिळतं. मोसंबी-द्राक्षवाल्यांकडे बागेत फवारणी करणारा ट्रॅक्टरचलित ब्लोअर असतो, त्याची टाकी पाचशे-सहाशे लिटरची. वसाहतीजवळ असा बागायतदार असेल तर त्याचा नंबर गेटवर लिहून ठेवा. पाठीवरचा १६ लिटरचा पंप पाच-सात मिनिटांत रिकामा होतो. तो मोठ्या आगीसाठी नाही, गच्चीत आणि अंगणात पडलेल्या निखाऱ्यांसाठी ठेवायचा. त्यासाठी तो फार उपयोगी आहे. तणनाशकाचा पंप मात्र आधी धुऊन घ्या.

पाणी ज्वाळेवर मारायचं नाही, ज्वाळेच्या बुडाशी मारायचं. आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. जिथे आग आधीच जळून गेली आहे, त्या काळ्या जमिनीवर पाय ठेवून बाजूने तोंडाकडे सरकायचं. कडुलिंबाच्या ओल्या ढाळ्यांनी बडवून विझवणं गुडघ्याएवढ्या ज्वाळेपर्यंत चालतं. ज्वाळा छातीला लागली की हाताने लढणं थांबवा, ती आग माणसाची राहिलेली नाही. नायलॉनची साडी, ट्रॅकपँट, टेरिकॉट घालून आगीजवळ जाऊ नका. सुती कपडे, पायात बूट आणि तोंडाला ओला पंचा. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वादळ जवळ असेल तर आणखी एक धोका: वारा क्षणात दिशा बदलतो. आगीची आतापर्यंत शांत असलेली लांबलचक बाजू एकदम तोंड बनते आणि बाजूने विझवणारी माणसं समोर सापडतात. ढग गडगडले की सगळ्यांनी जळून काळ्या झालेल्या जमिनीवर यायचं.

या पाच-दहा मिनिटांत कुणी काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं. पहिला फोन १०१, दुसरा महावितरणला. दुधाच्या गोठ्यात प्रत्येक खुंट्याजवळ विळा टांगलेला असावा. गाठी सोडत बसू नका, दावी कापा आणि जनावरं नांगरलेल्या रानाकडे हाका. पत्र्याच्या घरातल्या सगळ्यांनी, म्हातारी माणसं आणि लेकरं आधी, ठरलेल्या सिमेंटच्या बंगल्यात जायचं. हा बंगला पूर्वेच्या रांगेतला, दीड मीटर साफ असलेला असावा. त्याच्या मालकाशी होळीच्या आधी बोलून ठेवा, ऐनवेळी दार ठोठावायची वेळ नको. आत खिडक्या बंद, पडदे बाजूला, गॅसचा रेग्युलेटर बंद, बादल्या भरलेल्या. गवताची ज्वाळा मिनिटभरात पुढे जाते. त्या वेळी धुराने भरलेल्या रस्त्यावर, एकाच गेटसमोर चाळीस गाड्यांच्या गर्दीत अडकण्यापेक्षा साफ कडेचं पक्कं घर सुरक्षित. शिवाय बंबाला आत यायला तोच रस्ता लागतो. गंजी किंवा शेजारचं घर पेटलं असेल तर हा हिशेब बदलतो. तेव्हा वाऱ्याला आडवं, उत्तरेला किंवा दक्षिणेला निघायचं. वाऱ्याच्या पुढे पळायचं नाही.

विझल्यानंतरचे दिवस

मार्शल आगीच्या चौकशीत एक कारण असं निघालं: सहा दिवस आधी एका जागेवर कचरा जाळून मातीने झाकला होता. वाऱ्याने माती उडवली आणि आतली धग उघडी पडली. दुसरी ठिणगी बहुधा वीजवाहिनीची. लहाइनातही सकाळी विझलेली आग दुपारी पुन्हा पेटली. विझलेल्या आगीवर विश्वास ठेवल्याने ही गावं गेली.

आपल्याकडे ही धग उकिरड्यात राहते, गोवऱ्यांच्या उडव्यात राहते, बाभळीच्या बुंध्यात आणि मुळांत राहते. सगळ्यात जास्त गंजीत. गंजीवर वरून पाणी मारलं तर बाहेरचा थर भिजतो आणि पाणी घरंगळून जातं; आत कडबा धुमसतच राहतो. दाताळ्याने किंवा जेसीबीने गंजी फोडून, पातळ पसरून, पेंढी-पेंढी भिजवावी लागते. पोकळ झालेल्या गंजीवर चढू नका, पाय आत जातो. राख हाताच्या पालथ्या बाजूने तपासायची: आधी वरून ऊब जाणवते का पाहायचं, मग उकरून पाणी, पुन्हा उकरून पाणी. मातीने झाकणं म्हणजे विझवणं नव्हे.

पंचनामा होईपर्यंत जळालेलं सामान हलवू नका, पण धग विझवायला पंचनाम्याची वाट पाहू नका. आधी फोटो काढा आणि विझवा. मेलेल्या जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे फोटोही घ्या. पश्चिमेच्या पट्ट्यावर दोन रात्री माणसं बसवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एक ते चार या वेळात, वारा पुन्हा उठेल तेव्हा, पाठीवर पंप घेऊन दोघांनी जळालेल्या माळाच्या कडेने चालायचं. धूर दिसला नाही तरी चालायचं, आणि आठव्या दिवसापर्यंत रोज चालायचं.